फाटकावरची वंदना

सरलाचं पत्र आलं तेव्हा दयारामबाबूंनी ते दोनदा वाचलं, घडी घालून ग्रंथात ठेवलं आणि मनाशी म्हणाले, उद्या निवांत बसून उत्तर लिहू. त्या उद्याला आता पाचवं वर्ष लागलं होतं.

पत्र हरवलं असतं तर एक वेळ सुटका झाली असती. पण ते हरवण्यासारख्या जागी नव्हतंच. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी जो ग्रंथ वाचला जातो, त्यात ते खुणेसाठी राहिलं. आषाढी पौर्णिमेला पत्र पहिल्या पानाशी असे आणि आश्विन पौर्णिमेला शेवटच्या पानाशी पोचे. चार वर्षावास त्यानं असे पायी काढले. वाचन संपलं की दयारामबाबू ते दोन-तीन पानं पुढं सरकवीत, त्याच्या निळ्या कडेकडं पाहत आणि ग्रंथ मिटत.

सरला त्यांची धाकटी बहीण. सत्तरीची. तुमसरला मुलाकडं राहायची. दर रविवारी फोन करायची, गुडघ्याचं सांगायची, नातवाचं सांगायची. पण हे तिनं पत्रातच लिहिलं होतं, आणि का, तेही लिहिलं होतं.

‘दयारामदादाला सरलाचा सप्रेम जयभीम. फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहून राहिली. विहारात वंदना संपली की माय मागून एकेकाचं नाव घ्यायची, आठवते का? याचं भलं होवो, त्याचं भलं होवो. मले आता सारी नावं आठवत नाहीत. रोज एखादं गळते. तू तिच्याजवळ राहिला, तुही आठवण चांगली, तर मले ती यादी लिहून धाड. आणखी एक. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आली तवा मायनं ते म्हणणं सोडलं होतं. मी इचारलं तर नुसती हसली. काहून सोडलं, तुले माहीत असन तर तेही लिहिजो.’

विचारल्या होत्या दोनच गोष्टी. त्यातली यादी दयारामबाबूंना अर्धीमुर्धी आठवत होती. माय का थांबली, ते मात्र पुरतं आठवत होतं.

पहिल्या वर्षी सरलानं फोनवर विचारलं, पत्र पोचलं ना. ते म्हणाले, पोचलं, लिहितो. दुसऱ्या वर्षापासून तिनं विचारणं सोडलं. लिहायला ते बसले नाहीत असं नाही. एकदा नऊ नावं लिहिली आणि अपुरी यादी कशी पाठवायची म्हणून कागद फाडला. एकदा नुसतंच ‘माझी चूक झाली’ एवढं लिहिलं, आणि ते इतकं नाटकी वाटलं की तोही फाडला. आपल्याला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत आणि लोक आपल्याला वाचणारा माणूस म्हणतात, याची त्यांना मनातून लाज वाटे.

लोक म्हणत ते खोटं नव्हतं. रायपूरच्या रेल्वे वॅगन कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये छत्तीस वर्षं त्यांनी कारकुनी केली, आणि जेवणाच्या सुट्टीत रोज पुस्तक वाचलं. विहारातला ग्रंथ ते एकतीस वर्षं वाचत होते. एरवी चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कोरड पडे. पोराच्या लग्नात दोन शब्द बोला म्हटलं, तर ते मंडपाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले होते. पण ग्रंथ उघडला की आवाज ठाम निघे. त्यांनी त्याचं कारण शोधून ठेवलं होतं. त्यात एकही शब्द त्यांचा नव्हता.

या वर्षी श्रावणात त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हणून सांगितलं. काळा चष्मा मिळाला, थेंबांच्या दोन बाटल्या मिळाल्या आणि सून चेतनाच्या मोबाइलमध्ये दिवसाचे चार गजर लागले. चेतना नव्या रायपूरला मंत्रालयात नोकरीला. बसचा भरवसा नाही म्हणून सकाळी आठलाच निघायची. निघताना थेंब टाकायची आणि म्हणायची, “बाबा, पेपर लपवून ठेवलाय. शोधू नका.”

प्रश्न होता तो विहाराचा. पन्नाशीच्या आतल्या कुणालाच मराठी धड वाचता येत नव्हतं. पोरंबाळं समजत सगळं, पण बोलत हिंदीत. शेवटी नात रुचिताच म्हणाली, “मैं पढ़ दूँगी ना, आबा. अटकी तो आप बता देना.” ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहान असताना आबांनीच तिला पेपरच्या मथळ्यांवर बोट ठेवून मराठी शिकवलं होतं. दयारामबाबूंनी तिला ग्रंथ दिला. त्यात पत्र आहे हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही. खूण असते ती, तशी ती होती.

विहार रेल्वे कॉलनीच्या मागं, पाऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला. टिनाचं छप्पर, समोर मूर्ती, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंज्या. वाचनाला पंचवीस-तीस माणसं असत, त्यात बायका जास्त. शेवटी उकडलेले चणे आणि अर्धा अर्धा कप चहा. दयारामबाबूंना चहा बशीत ओतून प्यायला आवडे, आणि घरी चेतना ओरडते म्हणून तो आनंद ते विहारात उरकून घेत.

पहिल्या दिवशी रुचिता घाबरत वाचत होती. दुसऱ्या दिवशी सावरली. तिसऱ्या दिवशी ती मध्येच थांबली, मान वर केली आणि समोरच्या बायकांना म्हणाली, “समझ में आया? देखो, क्रोध का मतलब…” आणि तिनं तेलीबांध्याच्या सिग्नलला एका कारवाल्यानं आपल्या स्कूटीला कसा कट मारला, मग आपण त्याच्यामागं दोन चौक कशा गेलो, आणि तोवर आपलीच कॉलेजची परीक्षा कशी सुरू होऊन गेली होती, ते सांगितलं. बायका हसल्या. एकीनं नळावरचं स्वतःचं भांडण सांगितलं. वाचन पाऊण तासाऐवजी सव्वा तास चाललं.

कडेच्या खुर्चीत दयारामबाबू ताठ झाले. एकतीस वर्षांत त्यांनी एक शब्द पदरचा घातला नव्हता. चौथ्या दिवशी पोरीनं तृष्णा समजावताना मोबाइल काढला आणि बोटानं रील सरकवून दाखवली. “एक और, एक और, बस एक और. यही तो है.” मागची पोरं खो-खो हसली. तेव्हा खुर्चीतून दयारामबाबूंचा आवाज आला, वाचनाचा असतो तसा ठाम.

“रुचिता, पुस्तकात आहे तेवढंच वाच.”

हसणं थांबलं. रुचितानं मोबाइल उलटा ठेवला. “हव, आबा,” म्हणाली आणि पुढचं पान शेवटपर्यंत वाचून काढलं. कुठं थांबली नाही, कुठं मान वर केली नाही.

दयारामबाबूंना मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. आपण हे वाक्य पूर्वी म्हटलेलं आहे, शब्द न् शब्द, हे त्यांना कळून चुकलं होतं.

तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. नवी नोकरी, घराण्यात पहिलं मॅट्रिक, आणि विहाराच्या मंडळाचे नवे सचिव. बाप रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, होता, तो जाऊन दोन वर्षं झाली होती. माय निरक्षर. छप्पन साली पोराला कडेवर घेऊन नागपूरला दीक्षा घेऊन आलेली. वंदना तिनं ऐकून ऐकून पाठ केली होती. वंदनेच्या शेवटी सगळे जीव सुखी असोत असं येतं, तिथं बाकीचे थांबत. माय थांबत नसे. तिला ‘सगळे’ हे फार मोघम वाटत असावं. ती हात जोडूनच पुढं एकेकाला घ्यायची. नळावर भांडणारी शांता सुखी असो, तिच्या आंधळ्या सासूला कोणी हात देवो. भाजीवाली फुलबासन नीट बाळंत होवो. खोकणाऱ्या शंकर फायरमनला बिनधुराची ड्यूटी मिळो. उंदीरही सुखी असोत, पण तिकडं गोदामात. लोक तोवर उठून चपला शोधायला लागत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

एका पौर्णिमेला नागपूरहून शिकलेले पाहुणे भाषणाला आले. वंदना झाली आणि मायनं आपलं सुरू केलं. पाहुण्यांनी मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं आणि ते किंचित हसले. वाईट नव्हते हसले, हे दयारामबाबूंना आता कळत होतं. पण त्या दिवशी नव्या सचिवांच्या कानशिलांत आग झाली आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले, “माय, पुस्तकात आहे तेवढंच म्हणत जा.”

माय म्हणाली, “हाव बाबू.”

दुसऱ्या दिवसापासून ती पुस्तकात होतं तिथं थांबू लागली. पुढं बावीस वर्षं जगली, पण विहारात त्यांनी तिच्या तोंडून एकही नाव ऐकलं नाही. एवढं सगळं सरलाला लिहायचं होतं. त्यासाठी पाच वर्षं काय, पन्नासही थोडी होती.

रुचिता रुसली असती तर बरं झालं असतं. तिनं रोजच्यासारखी खिचडी वाढली, थेंब टाकले, कॉलेजातल्या गमती सांगितल्या. विहारात जाऊन रोज वाचलंही. अगदी पुस्तकात होतं तेवढंच. बरोबर, सपाट, पोस्टातल्या शिक्क्यासारखं. चार दिवसांत समोरची माणसं अठरा झाली, मग तेरा. मागची पोरं तर येईनाशीच झाली. दयारामबाबू काळ्या चष्म्यामागून मोजत होते. तिनं एकदा तरी थांबावं, एकदा तरी मान वर करावी, असं त्यांना वाटे, आणि ती थांबत नसे. हे असंच राहिलं तर पोरगी महिना भरेपर्यंत वाचेल आणि मग हा ग्रंथ आयुष्यात पुन्हा हातात घेणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. मायच्या वेळी त्यांना हे दिसायला उशीर झाला होता.

शनिवारी दुपारी ते काठी घेऊन गुलाबरावांकडं गेले. गुलाबराव त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, कारखान्यातले फिटर, जुने शेजारी. पेरूच्या झाडाखाली खाट टाकून पडलेले असत. मायच्या वेळचं माणूस आता पाऱ्यात एवढं एकच उरलं होतं.

“काहून रे बाबू, काळा चष्मा लावून कोणाले भेडसावून राहिला?” गुलाबराव उठून बसत म्हणाले. मग त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला आणि विहारात पोट्टी किती छान सांगत होती आणि आता तिला काय झालं, असं विचारून दयारामबाबूंची चांगलीच पंचाईत केली.

दयारामबाबूंनी बशीत चहा ओतला, तो पुन्हा कपात ओतला, आणि विचारलं, मायची यादी आठवते का तुमाले.

गुलाबरावांना आठवत होती. बोटं मोजत त्यांनी सहा-सात नावं काढली, त्यातली तीन दयारामबाबूंकडं नव्हती. फाटकवाला नीलकंठ होता. कडुनिंबावरचे बगळे होते. आणि गुलाबरावांची लंगडी शेळी होती. “म्हणे, गुलाबच्या शेळीचा पाय बरा होवो आन गुलाबच्या तोंडाले चांगली बोली येवो. मले शेळीच्या मागं टाकलं होतं तुह्या मायनं.”

दोघंही हसले. हसणं ओसरल्यावर दयारामबाबू खाली पाहत म्हणाले, “तिनं ते सोडलं, ते माह्यामुळं.”

“सोडलं? कोण म्हणते सोडलं?”

मग गुलाबरावांनी सांगितलं. विहारातून घरी यायला तेव्हा रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे. दयाराम मंडळाची कामं आटपायला मागं थांबायचा, म्हणून मायला घरापर्यंत सोडायचं काम गुलाबरावांकडं. फाटक बहुधा बंदच मिळे. मालगाडी आली की माय पदर सावरून फाटकाला टेकून उभी राही आणि हात जोडी. मग एकेका डब्याला एकेक नाव. हा शांताचा, हा तिच्या सासूचा, हा फुलबासनचा. नावं संपली आणि गाडी उरली, तर पाऱ्यातली नवी माणसं, त्यांची ढोरं, तुळशीची कुंडीसुद्धा. जेवढी गाडी लांब, तेवढी तिची चंगळ.

“मी म्हटलं, मावशी, हे त विहारात म्हणायचं असते. त म्हणे, तिथं पुस्तक असते बाबा. इथं कुठं पुस्तक हाये?” गुलाबरावांनी बशी खाली ठेवली. “आन शेवटचा गार्डचा डबा तुहा. गाडी कितीही लंबी असो. तो आला की म्हणे, हा माह्या दयारामचा. त्याले चारचौघांत बोलता येवो.”

झाडावरून एक पिकला पेरू खाली पडला. गुलाबरावांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि दयारामबाबूंच्या हातात दिला.

“पन्नास वर्षं सांगितलं नाही तुमी,” दयारामबाबू पेरू हातात फिरवत म्हणाले.

“तू कधी इचारलं? तू त पुस्तकातलंच इचारते.”

त्या संध्याकाळी विहारात अकरा माणसं होती. रुचितानं अर्धं पान वाचलं असेल, तोच खुर्चीतून एक हात वर झाला. शाळेत पोरं करतात तसा. ती थांबली. हात आबांचा आहे हे पाहून तिनं घाईनं बोट ठेवलेली ओळ पुन्हा तपासली, कुठं चुकलं म्हणून.

दयारामबाबूंच्या तोंडाला कोरड पडली होती. त्यांनी काठी घट्ट धरली.

“हे मले नाही समजलं,” ते म्हणाले. “तू समजावून सांग. तुह्या शब्दांत.”

बायकांनी माना वळवल्या. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “बाबूले एकतीस वर्षांत नाही समजलं, त आमचं काय होईन मग?” आणि सगळ्या हसल्या. रुचिता हसली नाही. ती आबांच्या काळ्या चष्म्याकडं पाहत राहिली.

“सच में नहीं समझा, आबा?”

“हव. सच में.”

खरंच होतं ते. ही ओळ ते तीसेक वेळा वाचून गेले होते आणि ती नेमकी काय म्हणते याचा कधी थांबून विचार केला नव्हता. रुचितानं ग्रंथ मांडीवर ठेवला. आधी चाचरली, मग तिला कॉलेजच्या कँटीनमधली एक गोष्ट आठवली, आणि मग तिचे हात हलायला लागले. चणे त्या दिवशी उशिरा वाटले गेले.

परतताना स्कूटीवर मागं बसलेल्या आबांना ती म्हणाली, “एक बात बोलूँ? डाँटोगे तो नहीं?” मग तिनं सांगितलं की पहिल्याच दिवशी ग्रंथातली खूण तिनं उघडून पाहिली, आणि ती खूण नव्हती, चिठ्ठी होती. सरला आजीची. मराठी अवघड होती, पण दोन दिवसांत लागली. “जवाब दिया था आपने?”

“नाही.”

कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी तिनं स्कूटी वळवली. मग म्हणाली, “कल संडे है. आप बोलना, मैं लिखूँगी.”

रविवारी चेतनानं तांदळाच्या पिठाचे चिले केले, बरोबर टमाट्याची चटणी. दयारामबाबूंनी तीन खाल्ले आणि चौथा मागून घेतला. लिहायचं काम तेवढंच पुढं ढकललं गेलं. पण रुचिता व्हरांड्यात वही घेऊन बसली होती आणि उठायचं लक्षण दिसत नव्हतं.

त्यांनी सुरुवात केली ती फार लांबून. प्रदीर्घ विलंबाबद्दल मनःपूर्वक क्षमायाचना, प्रकृतीच्या आणि परिस्थितीच्या कारणानं, वगैरे. सहा ओळी झाल्यावर रुचितानं पेन थांबवलं.

“आबा, ये काट दूँ? आजी डर जाएगी. सोचेगी घर में किसी को कुछ हो गया.”

आतून चेतनाचं हसणं ऐकू आलं. दयारामबाबू ओशाळले. म्हणाले, काट.

मग त्यांनी सरळ नावंच सांगायला घेतली. शांता, तिची सासू, फुलबासन, शंकर फायरमन, गोदामातले उंदीर. रुचिता प्रत्येकाला थांबवून विचारी, ये कौन थी, इनका क्या हुआ. आणि त्यांना सांगता येत होतं. फुलबासनला जुळी झाली होती, शांता शेवटी मायच्याच मांडीवर डोकं ठेवून गेली. ही माणसं त्यांच्याजवळ एवढी होती हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

इतक्यात सिलतऱ्याच्या कारखान्यातली रात्रपाळी करून झोपलेला त्यांचा मुलगा इंद्रजीत डोळे चोळत बाहेर आला. कानाच्या पाळीमागं अजून काळी धूळ होती. काय चाललंय ते त्यानं ऐकलं आणि दारातच उभा राहिला. माय गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

“फाटकावर ना?” तो म्हणाला. “मी असायचो की तिच्यासोबत. ती ओठ हलवायची, मला वाटे ती डबे मोजते. मग मीही मोठ्यानं मोजायचो. तेवीस, चोवीस. ती म्हणायची, हळू मोज, माझं चुकते.”

“और आज बता रहे हो पापा,” रुचिता म्हणाली.

“मला काय माहीत, कोणाला पाहिजे होतं.”

दयारामबाबूंनी चष्मा काढून पुसला. आपण विहारात हिशेबाची वही नीट करत बसलो असताना तिकडं फाटकावर आपल्या वाटचं रोज म्हटलं जात होतं, आणि आपलाच पोरगा शेजारी उभा राहून डबे मोजत होता. चेतना थेंबांची बाटली घेऊन आली, आज डोळ्यातून आधीच पाणी येतंय असं काही न बोलता तिनं त्यांची मान मागं टेकवली आणि थेंब टाकले. तसंच, डोळे मिटून, त्यांनी राहिलेलं सांगितलं.

“लिही. सरला, मायनं ते सोडलं नव्हतं. मी सोडायला लावलं. सगळ्यांसमोर. तिनं मले कधी बोल लावला नाही. ती फाटकावर जाऊन म्हणायची, हे मले काल कळलं. तुले आधी लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील याची भीती वाटली.”

पेन कागदावर चालल्याचा आवाज येत होता. थांबला.

“हो गया?”

“हव. आता वाचून दाखव.”

तिनं वाचलं. ‘भीती’ तिनं भलतीच लिहिली असावी, कारण वाचताना तीच अडखळली. दोन ठिकाणी मराठी वाक्यात हिंदी घुसली होती. दयारामबाबूंच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

मोजून तेरा नावं झाली. माय निदान पंधरा-सोळा घ्यायची, एवढं नक्की आठवत होतं. अपुरी यादी. याच जागेवर चार वर्षांपूर्वी कागद फाटला होता. रुचितानं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि खाली तीन रिकाम्या ओळी आखल्या.

“ये आजी भर देगी. उनको भी तो कुछ याद होगा.”

खाली त्यांनी स्वतः सही केली. न पाहता केली, म्हणून ती ओळ सोडून वर चढली. रुचितानं लिफाफा चिकटवायच्या आधी त्यात काहीतरी सरकवलं. काय ते विचारलं तर म्हणाली, आजीचंच पत्र. आता बुकमार्क दूसरा रखेंगे.

सोमवारी कॉलेजला जाताना तिनं त्यांना पोस्टापर्यंत सोडलं. फाटक होतं तिथं आता ओव्हरब्रिज आहे. वर चढल्यावर दयारामबाबूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, जरा थांब. खालून कोळशाची मालगाडी जात होती. त्यांनी कठड्याला हात टेकले. शांता. तिची सासू. फुलबासन. हळूहळू नावं पुढं गेली, मायची संपली, मग इंद्रजीत, चेतना, गुलाबराव, डोळ्याचे डॉक्टर, पाऱ्यातली ती चपला शोधणारी सगळी. अशा पुष्कळ गाड्यांना हल्ली गार्डचा डबा नसतो. हिलाही नव्हता. शेवटच्या डब्याला नुसता लाल दिवा होता. तो येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“क्या बोल रहे हो, आबा?”

“काही नाही. डबे मोजून राहिलो.”

पोस्टाच्या दारात लाल पेटी होती. रुचिता म्हणाली, लाओ, मैं डाल देती हूँ. त्यांनी मान हलवली. काठी भिंतीला टेकवली, लिफाफ्यावरचा तुमसरचा पत्ता नाकाजवळ नेऊन वाचायचा प्रयत्न केला, मग डॉक्टरांची आठवण झाली म्हणून सोडून दिला. पेटीचं तोंड बोटांनी चाचपलं आणि पत्र आत सोडलं. ते खाली पडल्याचं ऐकू आल्यावरच त्यांनी हात बाहेर काढला.